भरतपूरच्या म्हशी

भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान अवघे २९ चौरस किलोमीटरांचे. ही पाणथळही निव्वळ निसर्गाची नव्हे. संस्थानिकांनी शिकारीसाठी बांध घालून ती घडविली. भोवतालच्या गावांच्या म्हशी तेथे पिढ्यान्‌पिढ्या चरत. १९८२ साली राष्ट्रीय उद्यानाची घोषणा झाली आणि चराई बंद झाली. चाऱ्याची पर्यायी सोय न लावताच! त्याच नोव्हेंबरात विरोधासाठी जमलेल्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसे मेली.

म्हशी गेल्या आणि पाणगवताने तळी व्यापली. उघडे पाणी आक्रसले, पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. चराईबंदीचा आग्रह धरणाऱ्यांत सलीम अली होते. त्यांच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासाने पुढे म्हैस ही त्या पाणथळीची गरज असल्याचा निर्वाळा दिला. शास्त्राचा हा प्रामाणिकपणा आदरणीयच, पण गोळीबारानंतरचा.

बंदी मात्र उठली नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा राष्ट्रीय उद्यानात गुरे चारू देत नाही. मग गवत काढण्यास बुलडोझर लावले गेले, आणि गावकऱ्यांना विळ्याने कापणीचे परवाने मिळाले. म्हशीने आपण होऊन खाल्ले असते ते गवत माणसाने कापायचे, डोक्यावरून वाहायचे आणि तिच्याच दावणीत नेऊन टाकायचे.