उषाला मागे टाकणारी लिडिया

मंडळी, पी. टी. उषाचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. तिला मागे टाकणाऱ्या मुलीची ही हकीकत.

आपल्या पूर्वेला, लांब समुद्रात, फिलिपाइन्स देश आहे. सारी बेटेच, सात हजारांहून जास्त! लिडिया डी व्हेगा तिथली. तिचे वडीलच तिला पळायला शिकवीत.

१९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले. बायकांची शंभर मीटरची शर्यत लागली. डोक्यावरची घागर खाली उतरवावी, एवढ्या वेळात ती संपते! लिडियाला ११.७६ सेकंद लागले. ती पहिली, उषा दुसरी. लिडियाचे वय तेव्हा अवघे सतरा, बरं का! १९८६ ला सोलमध्येही शंभर मीटरला लिडियाच पहिली. पण दोनशे मीटरला उषाने तिला गाठले आणि मागे टाकले. अशी जोडी जमली, की बघणाऱ्याचेही पाय शिवशिवतात.

ऑलिंपिकचे पदक मात्र लिडियाला लाभले नाही. २०२२ मध्ये कर्करोगाने ती गेली. त्या देशाला धावण्या-उड्यांत ऑलिंपिकची दोनच पदके मिळाली होती. १९३२ ला उंच उडीत टोरिबिओला, १९३६ ला अडथळ्यांच्या शर्यतीत व्हाइटला. दोन्ही कांस्य.

पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये ओबिएना बांबूउडीला उतरला. त्याचे आईबापही खेळाडूच. त्याने ५.९० मीटर उंची ओलांडली. तिसऱ्या आलेल्या गड्याची उंचीही तेवढीच. पण त्याच्या उड्या कमी चुकल्या होत्या. ओबिएना चौथा ठरला.