परदेशी जाणाऱ्या पाल्यांची शाळा
(आष्टा येथे ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



पोटासाठी परमुलखात जाणे आपल्या सांगली जिल्ह्यास नवे नाही. खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यावसायिक सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यासाठी तामिळनाडू-केरळपर्यंत गेले आणि अनेकांची मुले तेथील भाषा बोलत वाढली. आता आपल्यातील तरुण त्याहून दूर, दुबई, जर्मनी, अमेरिका येथे नोकरीस जातात. निघताना ते आम्हांस विचारतात, "गुरुजी, मुलांस तेथे कोणत्या शाळेत घालावे?"

आमचे पहिले सांगणे असे की, शाळेचे नाव विचारण्यापूर्वी आपण तेथे किती वर्षे राहणार, हे पतिपत्नींनी आपसांत ठरवावे. दोनतीन वर्षांनी परतावयाचे असेल, तर दुबईत सीबीएसईचा अभ्यासक्रम शिकविणाऱ्या भारतीय शाळा आहेत. परतल्यावर मुलाचा धागा तुटत नाही. मात्र त्या खासगी आहेत. फीचा आकडा नोकरीचा करार करण्यापूर्वीच पाहावा.

जर्मनीत सरकारी शाळेत फी नाही, परंतु शिक्षण जर्मन भाषेतून होते. साधारण सहाव्या वर्षापासून शाळा सक्तीची असून, तिच्याऐवजी घरी शिकविण्याची मुभा नाही. २०२० पासून गोवराची लस टोचल्याचा पुरावाही द्यावा लागतो. बहुतेक प्रांतांत चौथीनंतर मुलांची निरनिराळ्या शाळांत वाटणी होते. विद्यापीठाकडे थेट नेणारी गिम्नाझियुम ही त्यांपैकी एक. बर्लिनमध्ये ही वाटणी सामान्यतः सहावीनंतर होते. सहा वर्षांचे मूल नेले, तर भाषा आत्मसात करण्यास त्यास चार वर्षे मिळतात. नऊ वर्षांचे नेले, तर परक्या भाषेत वर्षभरातच त्याची पारख होते. हुशार मूल केवळ भाषेपायी मागे पडावे, याहून मोठी हानी कोणती? यास्तव नोकरीची तारीख ठरविताना मुलाचे वय अवश्य ध्यानी घ्यावे आणि जर्मनचे धडे येथूनच सुरू करावेत.

अमेरिकेत सरकारी शाळा बहुधा राहत्या पत्त्यावरून ठरते. सबब तेथे आधी शाळेची चौकशी करावी आणि मग घर भाड्याने घ्यावे.

शाळा कोणतीही असो, मराठीची शाळा घरातच भरवावी लागेल. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रयत्नाने मराठी शाळा चालतात. त्यांचा लाभ घ्यावा. परंतु आठवड्यातील एका वर्गाने भाषा टिकत नाही. ती जेवणाच्या पानावर टिकते. फोनवर आजीशी बोलताना नातवास दुभाष्या लागू लागला, तर त्याचे प्रगतिपुस्तक पाहून आजीने काय समाधान मानावे?

शेवटी एक विनंती. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांनी आपला शाळेविषयीचा अनुभव मंडळास लिहून कळवावा आणि नव्याने जाणाऱ्या कुटुंबास मंडळाने तो वाचावयास द्यावा. देणगीइतकेच हेही ज्ञातिकार्य आहे.