प्रेक्षक कोणाच्या बाजूचा?

थरारपट म्हटला की खून, पाठलाग आणि अखेरीस हाती लागणारा अपराधी, अशी एक ढोबळ समजूत असते. ती खोटी नाही, पण अपुरी खास आहे. क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘द वेजेस ऑफ फिअर’ (१९५३) या चित्रपटात शोधावयाचा अपराधी कोणी नाहीच. नायट्रोग्लिसरीन भरलेल्या दोन मालमोटारी बिकट रस्त्याने पेटलेल्या तेलविहिरीपर्यंत न्यावयाच्या, एवढाच विषय. पण प्रत्येक खड्ड्याला प्रेक्षक खुर्चीत आकसून बसतो.

मग रहस्यपट आणि थरारपट यांत भेद कोणता? हिचकॉक यांनी १९६२ साली त्रुफो यांच्याशी बोलताना तो एका उदाहरणाने स्पष्ट केला. मेजाखाली बॉम्ब आहे. तो अवचित फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकेल. पण बॉम्ब आहे हे त्याला आधीच सांगून ठेवले, तर मेजाभोवतालच्या अगदी शिळोप्याच्या गप्पाही तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकेल. रहस्यपट माहिती दडवतो. थरारपट ती प्रेक्षकाच्या पदरात टाकतो आणि त्याला बेचैन करून सोडतो.

या प्रकाराच्या शाखा पुष्कळ आहेत. हेरपट आहेत, राजकीय कारस्थानांचे पट आहेत, मनोविकारांचे आहेत. न्यायालयीन शाखेत बी. आर. चोप्रा यांनी १९६० साली ‘कानून’ हा चित्रपट एकही गाणे न घालता काढला. त्या काळी हे धाडसच होते! आपल्या मराठीत राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ काढला. पत्नी गमावलेल्या वकिलासमोर न्यायालयात तिच्याच चेहऱ्याची एक आरोपी स्त्री उभी राहते. दोनच वर्षांनी हीच कथा ‘मेरा साया’ या नावाने हिंदीत गेली.

पण मला अधिक विचार करावासा वाटतो तो दुसऱ्याच एका गोष्टीचा. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या चित्रपटात बालिकेचा खून पडद्यावर दिसत नाही. आई जेवणाचे ताट मांडून वाट पाहते आहे. इकडे गवतावर एक चेंडू घरंगळत येतो, तारांत एक फुगा अडकतो. बस्स. तेथे आपली सहानुभूती कोणाकडे असावी याविषयी शंकाच उरत नाही. ‘सायको’त (१९६०) मात्र खुनाचा पुरावा नाहीसा करण्यासाठी मोटार दलदलीत लोटली जाते आणि बुडता बुडता मध्येच अडते. त्या क्षणी आपण श्वास रोखतो, ती बुडावी म्हणून! आपण कोणाची बाजू घेतली, हे ध्यानात येते तेव्हा मोटार बुडालेली असते.

‘दृश्यम’मध्ये हेच संपूर्ण चित्रपटभर चालते. जीतू जोसेफ यांनी तो २०१३ साली मल्याळममध्ये काढला. २०१५ साली आपल्या निशिकांत कामत यांनी तो हिंदीत आणून गोव्यात वसवला. केबलचा व्यवसाय करणारा, चित्रपट पाहूनच शहाणा झालेला एक बेताच्या शिक्षणाचा गृहस्थ कुटुंबाला वाचवण्यासाठी पोलिसांना चकवतो. वीस वर्षे सरकारी नोकरीत काढलेला मी तपासयंत्रणा फसावी म्हणून मनोमन प्रार्थना करीत होतो! त्याला कारणही आहे. चौकशीच्या नावाखाली लहान मुलीवर हात उगारला जातो, तेव्हा कायद्याच्या बाजूने उभे राहणे कोणाला साधेल? दिग्दर्शक आपल्याला पलीकडच्या बाजूला नेतो तो असा, टप्प्याटप्प्याने आणि सकारण.

मात्र त्या तपासामागची पोलीस अधिकारी ही बेपत्ता मुलाची आईदेखील आहे. आपले मूल वाचवू पाहणारे दोन पालक समोरासमोर आहेत, आणि सहानुभूती एकाच्याच वाट्याला आली आहे. शेवट सांगून मी कोणाचा रसभंग करणार नाही. एवढेच सांगतो, की अखेरीस तिचा पती हात जोडून नायकाला केवळ आपल्या मुलाविषयी विचारतो. नायकाची युक्ती सफल झाली होती. मला मात्र टाळी वाजवता आली नाही.