दूरस्थ यंत्रांचें मौन

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें १७ किलोमीटरवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या दर्शनासाठीं तेथें लाखों भाविक जमतात. अशा यात्रेंत पाण्याच्या टांक्यांवर पातळी मोजणारीं लहान यंत्रें बसविलीं आहेत आणि तीं मोबाइलच्या जाळ्यांतून दूरच्या क्लाउड सर्व्हरकडे निरोप धाडीत आहेत, अशी कल्पना करावी. ऐन दुपारीं एक यंत्र एकाएकीं मुकें होतें. टांकी भरलेली आहे कीं रिकामी, हें देखरेख करणारास कळत नाहीं. उन्हांत उभ्या असलेल्या रांगेला मात्र पाणी हवें असतें.

अशा निरोपांसाठीं एम्. क्यू. टी. टी. ही पद्धति रूढ आहे. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लन निपर यांनीं ती १९९९ सालीं तेलवाहिन्यांवर उपग्रहाद्वारें देखरेख ठेवण्यासाठीं रचली. तिचा नियम असा कीं, ठरलेल्या मुदतींत यंत्रानें निरोप, निदान ‘मी आहें’ एवढी खूण, पाठविलीच पाहिजे. मुदत ६० सेकंदांची असून ९० सेकंद शांततेंत गेले, तर सर्व्हर संबंध तोडतो.

म्हणून दोष शोधणाऱ्यानें प्रथम डोंगर चढूं नये; सर्व्हरची नोंद पाहावी. संबंध ठराविक अंतरानें तुटत असेल, तर प्रवेशाच्या टोकनची मुदत संपत असावी. दोन यंत्रें आळीपाळीनें जोडलीं जाऊन तुटत असतील, तर दोहोंस एकच नांव दिलेलें असावें. त्या नांवाचें दुसरें यंत्र आलें कीं सर्व्हर पहिल्यास बाहेर काढतो. कांहीं वेळ गप्प राहिल्यावरच संबंध तुटत असेल, तर मधलें जाळें निजलेली वाट मिटवीत असतें; तेथें खुणेची मुदत कमी करावी. केवळ गर्दीच्या वेळीं तुटत असेल, तर दोष बहुधा यंत्राचा नव्हे, वाटेचा होय; हजारों फोन त्याच मनोऱ्यांकडे धांव घेत असतात.

पुन्हां जोडणी करतांनाही घाई नको. यात्रेंत सासनकाठ्या मानाच्या क्रमानें निघतात. सगळ्या एकदम पुढें घुसल्या तर वाटच बंद होईल. यंत्रांनींही प्रत्येक अपयशानंतर अधिक वेळ थांबावें, आणि तो वेळ प्रत्येकाचा निराळा असावा.

याच पद्धतींत ‘लास्ट विल’ नांवाची सोय आहे. जोडणीच्या वेळींच यंत्र आपला अखेरचा निरोप सर्व्हरजवळ ठेवतें. निरोप न घेतां संबंध तुटला, तर सर्व्हर तो इतरांस कळवितो. मग मौन हीच बातमी होते, आणि टांकीकडे वेळेवर माणूस धाडतां येतो.