तार मागे गेली की गणित बदलते



अध्यक्षाने आपल्या शाखेचा वर्षभराचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आज बाजूला ठेवून मी एकाच विषयावर बोलणार आहे: दातांच्या मागे, जिभेकडच्या बाजूला लावायच्या ब्रेसेस. पेशंट त्यांना ‘आतून तार’ म्हणतात, आपण ‘लिंग्वल’. आपल्यातल्या पुष्कळांच्या लेखी ही समोरच्याच तारेची छुपी आवृत्ती आहे. ब्रॅकेट तेच, तार तीच, फक्त आरशात न दिसणारी आणि बिलात ठळक दिसणारी. हा समज चुकीचा आहे, आणि या उपचाराची आजवर जी बदनामी झाली ती बरीचशी याच समजापायी झाली, असे माझे म्हणणे आहे. तार मागे नेली की दात हलवण्याचे गणितच बदलते. मग ते शिकवण्याची, आखण्याची आणि रुग्णाला समजावून सांगण्याची आपली रीतही बदलायला हवी.

या तंत्राचा इतिहास फार जुना नाही, पण बोलका आहे. जपानमधल्या कानागावा दंत महाविद्यालयातील किन्या फुजिता यांनी १९७०च्या दशकात यावर काम सुरू केले आणि १९७९ साली आपली पद्धत अमेरिकन नियतकालिकात मांडली. त्यांच्यासमोरचा प्रश्न सौंदर्याचा नव्हता. मार्शल आर्ट्स खेळणाऱ्यांच्या तोंडावर फटका बसला की समोरच्या ब्रॅकेटमुळे ओठ आणि गाल फाटायचे, तेव्हा ब्रॅकेट मागे न्यावे, असा त्यांचा सरळ विचार होता. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात बेव्हर्ली हिल्सला क्रेव्हन कुर्झ हे स्वतंत्रपणे त्याच दिशेने निघाले होते. त्यांच्याकडे येणारी प्रौढ, लोकांसमोर वावरणारी मंडळी समोरची तार लावून घ्यायला तयार नव्हती. कुर्झ यांनी १९७६मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ऑर्म्को कंपनी पाठीशी उभी राहिली आणि १९९०पर्यंत त्यांच्या ब्रॅकेटच्या सात पिढ्या झाल्या. दरम्यान वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला आणि मागणीला पूर आला. अनुभव मात्र तेवढ्या वेगाने येत नसतो. समोरच्या तारेचा हात बसलेल्या डॉक्टरांनी थोडक्या दिवसांच्या कोर्सवर मागची तार लावायला घेतली. केस वर्षानुवर्षे रेंगाळल्या, शेवटच्या टप्प्यावर दात हवे तिथे बसेनात. त्यातच १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पांढरे सिरॅमिक ब्रॅकेट बाजारात आले आणि अमेरिकेने या तंत्राकडे जवळजवळ पाठ फिरवली. फ्रान्स, जर्मनी, इटली आणि जपानमधल्या थोड्या लोकांनी ते चिकाटीने धरून ठेवले. तंत्र तेच होते. एका ठिकाणी ते बुडाले आणि दुसऱ्या ठिकाणी तरले, यातला मुख्य फरक ते शिकण्यासाठी दिलेल्या वेळाचा होता.

गणित बदलते म्हणजे नेमके काय होते, ते वरच्या पटाशीच्या एका दातावर पाहू. दाताचे प्रतिकारकेंद्र, म्हणजे ज्यातून बळ गेले तर दात न कलता सरकतो तो बिंदू, मुळात, हाडाच्या आत असते. समोरून हा दात हिरडीच्या दिशेने दाबला तर बळाची रेषा त्या केंद्राच्या पुढून जाते आणि दात पुढे झुकतो. तेच बळ मागून लावले तर रेषा केंद्राच्या जवळून किंवा मागून जाते आणि दात आत कलू लागतो. उपदाढा काढून पुढचे सहा दात मागे ओढताना हा कल फार महाग पडतो. टॉर्क, म्हणजे मुळाच्या कलावरचा ताबा, हातचा जातो, पटाशीचे दात आत लोळतात, दाढा पुढे झुकतात आणि मधल्या भागात वरचे-खालचे दात एकमेकांना भेटेनासे होतात. दुसरी अडचण अंतराची. आतली कमान बाहेरच्या कमानीपेक्षा लहान, म्हणून पुढच्या दातांवर दोन ब्रॅकेटमधले अंतरही कमी. तारेचा कडकपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. अंतर एक-तृतीयांशाने घटले तर तीच तार तिपटीहून अधिक कडक होते. समोर ज्या तारेने सुरुवात करायची, ती मागे सुरुवातीलाच जड पडते. तिसरी अडचण दाताच्या घडणीची. पटाशीची पुढची बाजू बरीचशी सपाट असते, मागची बाजू उतरती आणि हिरडीजवळ उंचवट्याची, शिवाय माणसागणिक वेगळी. तिथे ब्रॅकेट अर्धा मिलिमीटर वर-खाली झाला तरी दाताचा कल बदलतो. सुळ्याची जाडी आणि उपदाढेचा फुगवटा जुळत नाहीत, म्हणून फुजितांनी तारेला तिथे आत वळण दिले आणि तिला अळंबीचा आकार आला. एवढे सगळे आरशात उलटे पाहून, जीभ बाजूला धरून करायचे. समोरच्या बाजूला डोळ्यांनी सावरून घेतलेली चूक मागच्या बाजूला सावरता येत नाही.

म्हणूनच या तंत्राला पहिल्यापासून एक शिस्त पाळावी लागली: शेवट आधी ठरवायचा आणि मग सुरुवात करायची. रुग्णाच्या दातांचे साचे घ्यायचे, प्लास्टरचे दात सुटे करून मेणावर हव्या त्या जागी मांडायचे, त्या मांडणीवर ब्रॅकेट बसवायचे आणि ट्रेमधून ते एकाच वेळी तोंडात नेऊन चिकटवायचे. जपान आणि युरोपातल्या प्रयोगशाळांनी हे काम हातांनी घासून-पुसून चोख केले. पुढे संगणक आला. जर्मनीतल्या बाड एसेन या छोट्या गावातून डर्क विखमान यांनी प्रत्येक दातासाठी स्वतंत्र ब्रॅकेट संगणकावर आखून तो सोन्याच्या मिश्रधातूत ओतायचा आणि तार रोबोकडून वळवून घ्यायची, अशी पद्धत बसवली. २००३ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. ती कितपत खरी उतरते, हे ग्राउअर आणि प्रॉफिट या संशोधकांनी ९४ रुग्णांच्या साच्यांवर पडताळून २०११मध्ये मांडले. ठरवलेली जागा आणि प्रत्यक्षात मिळालेली जागा यांतला फरक दुसऱ्या दाढा सोडल्यास बहुतेक ठिकाणी एका मिलिमीटरच्या आणि चार अंशांच्या आत होता. हे काम सरावलेल्या हातांखालचे होते, हे विसरून चालणार नाही. माझा मुद्दा नेमका तोच आहे. सराव असला तर मागची तार समोरच्या तारेइतकीच नेमकी चालते, आणि नसला तर रोबोने वळवलेली तारही वाचवू शकत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप नैतिक सुरात येतो: हे श्रीमंतांचे चोचले आहेत, उपचार हवा असेल तर तार दिसण्याची लाज कशाला? हा प्रश्न शाळकरी मुलाला विचारणे सोपे आहे, कारण वर्गातल्या आणखी काही मुलांनाही तारा असतात. पस्तिशीतल्या निवेदिकेला, रंगभूमीवरच्या नटाला, रोज उभे राहून बोलावे लागणाऱ्या वकिलाला किंवा ओठांवर बासरी टेकवणाऱ्या वादकाला तो विचारताना थोडा विचार करावा. बासरीवाल्याच्या बाबतीत तर दिसण्याचा संबंधच नाही. ओठाच्या आत ब्रॅकेट टोचतो आणि फुंक बिघडते, एवढी साधी गोष्ट आहे. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. प्रयोगशाळेचा खर्च, खुर्चीवरचा वेळ आणि पुन्हा चिकटवाव्या लागणाऱ्या ब्रॅकेटची कटकट मिळून ही तार समोरच्या तारेपेक्षा बरीच महाग पडते. पण बाहेरच्या प्रयोगशाळेवर अवलंबून राहायचे की आपल्याच विभागात मेणाची मांडणी करायला शिकायचे, यावर त्या खर्चाचा मोठा भाग ठरतो. शिकण्यात आपण कुचराई केली आणि त्याची किंमत पेशंट मोजतो आहे, असेही म्हणता येईल.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. पारदर्शक अलाइनर आले असताना मागच्या तारेची गरजच काय? १९९७ साली स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजीने हा बाजार उभा केला आणि आज प्रौढ रुग्ण दारातूनच ‘ते काढता-घालता येणारे’ मागत येतो. साध्या गर्दीसाठी आणि छोट्या फटींसाठी अलाइनर उत्तम. तिथे मागच्या तारेचा आग्रह धरणे हा हट्ट होईल. पण दात काढून मोठी जागा बंद करायची असेल, गोल उपदाढ फिरवायची असेल, दात खाली ओढून आणायचा किंवा त्याचे मूळ हलवायचे असेल, तर प्लास्टिकची पकड कमी पडते आणि दातांवर छोटे उंचवटे चिकटवून, पुन्हा पुन्हा स्कॅन करून ती भरून काढावी लागते. शिवाय अलाइनर दिवसाचे वीस-बावीस तास तोंडात असेल तरच काम करतो. मागची तार पेशंटच्या शिस्तीवर अवलंबून नसते. मला तर वाटते, अलाइनरने आपल्या विद्यार्थ्यांवर एक उपकारही केला आहे: शेवट आधी पडद्यावर पाहण्याची सवय लावली. लिंग्वलवाले हीच गोष्ट मेणावर करत होते, तेव्हा आपण त्यांना हौशी म्हणत होतो.

तिसरा आक्षेप स्वच्छतेचा, आणि त्याचे उत्तर अपेक्षेपेक्षा उलटे आहे. ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी २०१०मध्ये एकाच तोंडात समोरच्या आणि मागच्या बाजूंची तुलना केली. समोरच्या ब्रॅकेटभोवती किडीचे पांढरे डाग मागच्यापेक्षा चार पटींहून जास्त आढळले. मागे लाळ सतत वाहते, जीभ फिरत राहते, त्याचा फायदा मिळत असावा. एवढ्यावर हुरळून जाऊ नये. खालच्या पटाशीच्या मागे लाळग्रंथीच्या नळ्या उघडतात, तिथे टार्टर आधीच पटकन साठतो आणि तारेखाली हिरडी सुजते. छोट्या मुकुटाचे दात, हलणारे दात, हिरड्यांचा जुना आजार, तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काहीही असेल तर नकार देण्याची हिंमत असावी. खोल चाव्याच्या रुग्णात खालचे पटाशीचे दात वरच्या ब्रॅकेटवर टेकून दाढा उघड्या पडतात, हा चाव्याला फायदा. पण सुरुवातीचे काही आठवडे तो माणूस भाकरी चावू शकणार नाही, हे त्याला तार लावण्याआधी कळायला हवे.

राहिला बोलण्याचा प्रश्न, आणि तो आपल्यासाठी परक्यांपेक्षा अवघड आहे. बाहेरच्या अभ्यासांत भर असतो तो ‘स’च्या शीळ घालण्यावर, कारण इंग्रजीत ‘टी’ आणि ‘डी’ उच्चारताना जिभेचे टोक दातांच्या वर, हिरडीच्या कडेला टेकते. मराठीत त, थ, द, ध उच्चारताना ते वरच्या पटाशीच्या मागच्या बाजूलाच टेकते, म्हणजे नेमके ब्रॅकेट असते तिथे. ‘चमचा’, ‘जहाज’, ‘झाड’ यांतले च, ज, झ हेही दातांशी घसटून जाणारे. उलट ट, ठ, ड, ढ, ण आणि आपला ळ यांसाठी जीभ मागे वळते; त्यांना त्रास कमी व्हावा. याचा अर्थ, ‘आठ-दहा दिवसांत सवय होईल’ हे परदेशी पुस्तकातले आश्वासन कीर्तनकाराला किंवा आकाशवाणीच्या निवेदकाला जसेच्या तसे देऊ नये. आपल्या महाविद्यालयांनी भाषाशास्त्राच्या विभागांना सोबत घेऊन दंत्य वर्णांनी भरलेला एक मराठी उतारा तयार करावा. तार लावण्यापूर्वी, दुसऱ्या दिवशी आणि महिनाभराने प्रत्येक रुग्णाकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा आणि ध्वनिमुद्रित करून ठेवावा. कोकणी आणि वऱ्हाडी बोलणाऱ्यांसाठी तो वेगळा लागेल. याला प्रयोगशाळा लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या खिशातला फोन पुरतो, आणि तीन-चार विभागांनी ठरवले तर येत्या शैक्षणिक वर्षापासून सुरुवात करता येईल.