‘काय गं, जेवलीस का?’

(रोश होदेशच्या संध्याकाळी आपल्या प्रार्थनालयाच्या सभागृहात केलेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



कार्यकारिणीने मला आरोग्यावर बोलायला सांगितले होते. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी असे विषयही सुचवले होते. पण त्यांची पत्रके कुपात होलिममध्ये मिळतात आणि ती आपण सगळेच घरी आणून फ्रिजवर चिकटवतो. म्हणून आज मी आपल्या गप्पांवर बोलणार आहे. हसू नका. तेफिला चालू असताना बायकांच्या बाजूने कुजबुज वाढली की गबाई टेबलावर हात आपटतात, हे मलाही ठाऊक आहे. त्या वेळच्या गप्पांची मी वकिली करत नाही. किद्दुशनंतर, जिन्यात, भाजीच्या दुकानात आणि फोनवर आपण जे बोलतो, त्याविषयी मला सांगायचे आहे.

माझे आजोळ रेवदंड्याजवळचे. घराला पडवी होती. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिथे क्षणभर थांबे आणि आजीला विचारी, ‘‘काय गं, जेवलीस का?’’ आजी म्हणे, ‘‘जेवले. तू?’’ एवढेच. लहानपणी मला वाटे, रोज तेच विचारून यांना कंटाळा कसा येत नाही? पुढे कळले की तो प्रश्न जेवणाचा नव्हताच. आज तुझी चूल पेटली ना, घरात कुणी आजारी नाही ना, मन ठिकाणावर आहे ना, एवढे सगळे त्या दोन शब्दांत विचारलेले असे. उत्तर देताना आजीचा आवाज जरा खाली गेला, तर ती बाई पुढे न जाता पडवीवर टेकत असे.

मुंबईत परिचारिकेच्या पदविकेचे शिक्षण घेताना हीच गोष्ट मी दुसऱ्यांदा शिकले. आमच्या वरिष्ठ सिस्टर सांगत, खाटेवरची चादर बदलताना तोंड बंद ठेवू नका. रात्री झोप लागली का, डबा कुणी आणला, मुलगी आली होती का, असे विचारत राहा. मला तो केवळ शिष्टाचार वाटला होता. ती तपासणी असते, हे समजायला काही वर्षे गेली. जो रुग्ण एका दमात पूर्ण वाक्य बोलतो, त्याचा श्वास ठीक चालला आहे. जो दोन शब्दांवर थांबतो, त्याच्याकडे लगेच लक्ष द्यायला हवे. काल जी बाई नातवाचे नाव घेऊन हसली, ती आज नातवाचा विषयच काढत नसेल, तर रात्रीत काहीतरी घडले आहे.

इस्राएलला आल्यावर मी इथल्या एका रुग्णालयात नोकरी करू लागले. एकदा रोश हशाना जवळ आला असताना दुसऱ्या कक्षातून मला बोलावणे आले. तिथे आपल्या समाजातली एक वृद्ध बाई दाखल होती. ती असंबद्ध बोलते, अशी नोंद तिच्या कागदावर झाली होती. मी जवळ गेले तेव्हा ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘‘अगं घोटा कुणीतरी, खाली लागेल.’’ आपल्यापैकी कुणालाही ते क्षणात कळले असते. तिला घरी राहिलेला चिकाचा हलवा दिसत होता. मी खाटेवर बसले आणि विचारले, ‘‘मावशी, नारळ किती घेतलेत?’’ त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नारळ किती, चीक किती, हलवा किती वेळ घोटायचा, सगळे नीट सांगितले. हलव्यावरून बोलणे सुनेवर गेले, सुनेवरून घरावर. मग माझा हात धरून त्या हळूच म्हणाल्या, ‘‘बाळा, लघवीला फार जळजळ होते गं. पुरुष डॉक्टरला कसं सांगू?’’ म्हातारपणी मूत्रमार्गाला संसर्ग झाला की माणूस कधी कधी अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागतो. उपचार सुरू झाले आणि तीन-चार दिवसांत त्यांचे बोलणे ताळ्यावर आले. मी हलव्याची चौकशी केली, एवढेच माझे कर्तृत्व.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आजारपणात आणि स्मृती क्षीण होऊ लागल्यावर मोठेपणी शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी हातातून निसटते आणि आईची भाषा मागे उरते. मुलांनो, म्हणून तुमच्या आजीशी रोज चार वाक्ये मराठीत बोला. व्याकरण चुकले तर चुकू द्या. उद्या कदाचित तिच्याकडे तेवढीच वाक्ये शिल्लक असतील.

आता जे सांगणार आहे, ते मी आजवर जाहीरपणे सांगितलेले नाही. माझ्या मैत्रिणीची परवानगी घेऊनच सांगते. ती आज इथे बसली आहे.

आम्ही दोघी रोज फोनवर बोलतो. एका शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. माझ्या चुलीवर माशांचे कालवण होते, शब्बातच्या मेणबत्त्या लावायला अजून दोन तास होते, आणि घर आवरायचे बाकी होते. ती म्हणाली, ‘‘पीठ मळायला घेतलं, पण हात जड झालाय.’’ मग म्हणाली, ‘‘तुझ्याकडे थोडी चादर आहे का, वाटणाला?’’ तिला कोथिंबीर म्हणायचे होते. मी हसले आणि म्हणाले, ‘‘दमलीस तू. शब्बात संपला की बोलू.’’ फोन ठेवला.

चाळीस वर्षे ज्या कानांनी रुग्णांचा श्वास ऐकला, त्याच कानांनी मी हे ऐकले होते. पण त्या वेळी मी परिचारिका नव्हते, घाईत असलेली बाई होते. नारळाचे दूध कालवणात ओतताना मला एकदम आठवले: जड हात आणि चुकलेला शब्द. मी पुन्हा फोन केला. तिने उचलला, पण आता शब्दही नीट उमटत नव्हते. मी १०१ ला फोन लावला आणि तिच्या घराकडे धावले. तो पक्षाघात होता. मधे वीस मिनिटे गेली होती.

मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. तिला ते वेळेत मिळाले. आज ती चालते, बोलते. उजव्या हाताने मात्र तिला अजून पीठ मळता येत नाही. ती वीस मिनिटे वाचली असती तर हात वाचला असता का, हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. तिने मला कधी दोष दिला नाही. पण पीठ मळताना दर शुक्रवारी मला तो हिशेब आठवतो. त्या दिवशी फोन ठेवण्यापूर्वी मी नुसते विचारले असते, ‘‘हात जड म्हणजे कसा गं?’’ तर पुरे झाले असते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. आपण एकमेकींना प्रश्न पुष्कळ विचारतो, पण उत्तर यायच्या आत पुढे निघून जातो. ‘‘कशी आहेस?’’ ‘‘बरी आहे.’’ संपले. माझे यजमान गेल्यानंतर शिवाचे सात दिवस घर माणसांनी भरलेले होते. आठव्या दिवसापासून मीही सगळ्यांना ‘बरी आहे’ हेच सांगत होते. आपल्यातल्या एका वयस्क बाईंनी मात्र विचारले, ‘‘काल रात्री काय शिजवलंस?’’ मला उत्तर देता येईना, कारण मी चार दिवस काहीच शिजवले नव्हते. त्या काही न बोलता आत आल्या आणि त्यांनी डाळ-तांदूळ धुवायला घेतले.

कुणी म्हणेल, गप्पांमधूनच लाशोन हारा जन्मते. खरे आहे. मिर्यामने मोशे रबेनूंविषयी नको ते बोलले आणि तिला कोड फुटले, हे आपण तोरातून ऐकतो. पण त्याच ठिकाणी पुढे आले आहे की मिर्याम सात दिवस छावणीबाहेर होती आणि ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. एका चुकलेल्या बाईसाठी अख्खी छावणी थांबली! कुणाविषयी बोलावे आणि कुणाशी बोलावे, यातला फरक सांभाळला तर गप्पांचे पाप होत नाही. ज्या बाईविषयी आपण जिन्यात बोलतो, तिच्याच दारावर टकटक करावी.

शेवटी, परिचारिका म्हणून चार गोष्टी. पहिली, प्रश्न नेमका विचारा. ‘कशी आहेस’ऐवजी ‘आज काय खाल्लंस, कुठे गेली होतीस’ असे विचारा. दुसरी, विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि गप्प राहा. तिसरी, ऐकलेले दुखणे चौथ्या घरी नेऊ नका. चौथी, तोंड एका बाजूला ओढले गेले, एक हात खाली पडू लागला किंवा शब्द अडखळले, तर वेळ पाहून ठेवा आणि १०१ ला फोन करा. तोंडात पाणी किंवा औषध घालू नका. शब्बात असला तरी थांबू नका. पिकुआख नेफेशपुढे शब्बातही बाजूला सरतो.

आपल्यापैकी प्रत्येकीने एकट्या राहणाऱ्या दोघींची नावे आज मनात धरावीत आणि दर शुक्रवारी दुपारच्या आत त्यांना फोन करावा. मोबाइलवर गुलाबाचे चित्र पाठवून भागणार नाही. चित्रातून आवाज ऐकू येत नाही.

माझे बोलणे संपले. बाहेर चहा तयार आहे. आता मनसोक्त गप्पा मारा. गबाई आज टेबलावर हात आपटणार नाहीत. शालोम.