चालत्या फोनला गटाचा निरोप
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



“तू नेमकं काय काम करतोस, ते सगळ्यांना समजेल असं सांग,” असा संयोजकांचा आदेश आहे. प्रयत्न करतो.

शाळेत शिपाईमामा सूचनावही घेऊन वर्गावर्गांत फिरायचे. मुख्याध्यापक प्रत्येक मुलाला वेगळी चिठ्ठी लिहीत नसत. एकदा वाचलं, की सगळ्या वर्गाला कळायचं. इंटरनेटवर याला मल्टिकास्ट म्हणतात. स्टीव्ह डिअरिंग यांनी त्याचे नियम १९८९ साली मांडले. पाठवणारा एकच प्रत पाठवतो. वाट फुटते तिथे राउटर तिच्या प्रती काढतो. ज्या फाट्यावर ऐकणारं कोणी नाही, तिकडे प्रत जातच नाही.

अडचण येते ती ऐकणारा चालू लागला की. आठवी ‘अ’मधला मुलगा ‘ब’मध्ये जाऊन बसला, तर तो लेझीम पथकात आहे की स्काउटमध्ये, हे तिथल्या बाईंना कसं कळणार? लोकलमधला फोन एका गेटवेच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला की हेच होतं. “कोणत्या गटात कोण आहे?” ही विचारणा आयपीव्ही६ मध्ये साधारणपणे दर १२५ सेकंदांनी होते. तेवढ्यात क्रिकेटचे तीन चेंडू टाकून होतात!

एक उपाय म्हणजे सगळं फोनच्या मूळ ठिकाणावरून पुढे पाठवणं. पण एका गेटवेखाली चार वेगळ्या ठिकाणचे फोन जमले, तर एकाच सामन्याच्या चार प्रती तिथे येतात. मग मल्टिकास्टचा उपयोग काय? दुसरा उपाय, नव्या जागी नव्याने नोंदणी. त्यात प्रत एकच येते, पण मध्ये खंड पडतो. २०१४ च्या आरएफसी ७१६१ या प्रायोगिक दस्तऐवजात याहून चांगली वाट आहे: फोनची गटनोंदणी जुन्या गेटवेकडून नव्याकडे आपोआप पोचवायची. विद्यार्थ्याला विचारत न बसता जुन्या शाळेनेच दाखला पाठवावा, तसं.

तरीही आज फोनवरचं थेट प्रक्षेपण बहुतेक वेळा प्रत्येकाला स्वतंत्र प्रतीनेच जातं. जाळं, फोन आणि प्रक्षेपक या तिघांनीही तयारी करावी लागते, आणि आधी खर्च कोणी करायचा यावर घोडं अडतं.

सामन्यापुरतं हे चालेल. महापुरात नाही. २०२३ साली आपल्या फोनवर मोठ्या आवाजात इशाऱ्याचा चाचणी संदेश आला होता, आठवतं? तो टॉवरवरून सर्वांसाठी एकदाच निघतो. कुणाचा नंबरही लागत नाही. पण त्यात मावतो तो छोटा मजकूर. बचावमार्गाचा नकाशा किंवा चित्रफीत हजारो लोक एकदम मागू लागले, की प्रत्येकाची वेगळी प्रत निघते आणि नेमकं गरजेच्या वेळी जाळं तुंबतं.

आपल्यापैकी जे प्रशासनात, वृत्तपत्रांत आहेत, त्यांनी हा प्रश्न लावून धरावा, एवढीच विनंती. तंत्र बरंचसं तयार आहे. ते मागणारे हवेत.

उरलेल्या शंका जेवणाच्या पंगतीत विचारा.